माहीत नाही म्हणायचं नाही

शिवणयंत्राच्या खणातली किल्ली जागेवर नव्हती.

टाचणीबाईनं खण पुरता ओढून मांडीवर घेतला. रिकाम्या बॉबिन, खडूचे तुकडे, जोडीदार हरवलेली बटणं, सुया खुपसून ठेवलेली साबणाची वडी, सगळं होतं. किल्ली असायची त्या कोपऱ्यात तेलाचा डाग तेवढा उरला होता. अकरा महिने ती तिथून हलली नव्हती. हलवायचं कुणाला कारणही नव्हतं. घरात माणसं तीन, तिघांकडे आपापल्या किल्ल्या. ही चौथी, थोरल्या लेकीची.

थोरली घर सोडून गेली त्या सकाळी टाचणीबाई यंत्रावरच बसली होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "किल्ली ठेवून जा. परवा परत येशील तेव्हा दार वाजव, म्हणजे उघडताना मला तुझा चेहरा तरी बघायला मिळेल." आणि हसली होती. थोरलीनं किल्ली यंत्राच्या पाटावर ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. तो परवा काही उजाडला नाही. महिन्यातून एकदा बापाच्या फोनवर तिचे दोन शब्द यायचे, 'ठीक आहे'. उलटा फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा.

टाचणीबाई हे नाव तिला धुलाईच्या दुकानात पडलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांचे कपडे आखूड-सैल करायची, कोटांची अस्तरं बदलायची, चेनी बसवायची. ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या, म्हणून बोलणं दातांच्या फटीतून. शेजारच्या टेबलावरचे इस्त्रीवाले मामा म्हणायचे, हिच्या तोंडून शब्द येतो तो टोचूनच येतो, पण दोष तिचा नाही, टाचण्यांचा. ती हसायची. खरं सांगायचं तर घरी तोंडात टाचण्या नसतानाही फारसा फरक पडत नसे.

किल्लीचं काय झालं ते धाकटीनं आढेवेढे न घेता सांगितलं. ती शाळेत होती, नाटकाच्या वर्गातल्या डब्यात.

धाकटी नववीत होती. चित्रकला नाहीतर नाटक, दोन्हींतलं एक घ्यायचं होतं, आणि हिला सरळ रेघ ओढता येत नव्हती म्हणून नाटक. टाचणीबाईची समजूत अशी की नाटक म्हणजे वाक्यं पाठ करायची आणि मोठ्यानं म्हणायची. तसं नव्हतं म्हणे. नाटकाच्या मॅडम वाक्यांना हातच लावू देत नव्हत्या. आधी माणूस उभं करा, त्याची वाक्यं त्याच्या मागून चालत येतील, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकानं एक खरंखुरं माणूस निवडायचं, ओळखीचं पण सध्या जवळ नसलेलं. पहिला आठवडा नुसते पाय, म्हणजे ते माणूस चालतं कसं, उभं राहताना भार कुठे टाकतं. दुसरा आठवडा खिसा. त्याच्या खिशात सापडेल अशी एक वस्तू आणून वर्गाच्या डब्यात ठेवायची. मग हात, म्हणजे त्याच्यासारखं एखादं काम करून दाखवायचं. आणि शेवटी खुर्ची.

खुर्चीबद्दल धाकटी फार रंगून बोलली. वर्गाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची. तिच्यावर ते माणूस होऊन बसायचं, बाकीच्यांनी भोवती बसून वाटेल ते विचारायचं. नियम एकच, 'माहीत नाही' म्हणायचं नाही. खोटं बोला, चिडा, गप्प बसा, पण ते दोन शब्द नकोत. स्वतःच्या आयुष्याची उत्तरं त्या माणसाकडे असतातच. माहीत नाही असं म्हणतो तो अभ्यास न करता खुर्चीवर बसलेला विद्यार्थी. आणि झालं की उतरायचं. मॅडम उतरल्याशिवाय कुणाला वर्गाबाहेर सोडत नसत. वस्तू डब्यात टाकायची, हातपाय झटकायचे, स्वतःचं नाव सांगायचं, आज वार कोणता ते सांगायचं आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं.

"आणि तू ताईला निवडलंस," टाचणीबाई म्हणाली.

"सध्या जवळ नसलेलं, असं म्हणाल्या होत्या मॅडम."

टाचणीबाईनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. घरची लक्तरं वाळत घालायला वर्गाची दोरी बरी सापडली, म्हणाली. धाकटी म्हणाली, माणूस कोण ते कुणी विचारत नाही, मॅडमपण नाही. ते काही असो, किल्ली उद्या घरी आली पाहिजे, असं बजावून टाचणीबाई बटाटे सोलायला बसली. दोन बटाटे सोलून झाले. तिसरा हातात तसाच राहिला.

"चालते कशी म्हणून दाखवलंस गं?" तिनं विचारलं, बटाट्याकडे बघत.

धाकटी उठून बाहेरच्या दारापर्यंत गेली आणि तिथून परत आली. येताना डावी टाच किंचित घासत होती, चपलेचा पट्टा सैल असल्यासारखी. एक हात भिंतीवरून सरकत होता. आरशापाशी आली तेव्हा आरशात न बघता तिनं केस कानामागे सारले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली, आणि काही मागायच्या आधी थोरली घ्यायची तसा एक छोटा श्वास तिनं आत ओढला.

"आई, जेवायला किती वेळ आहे गं?"

आवाज थोडा घोगरा. शेवटचा 'गं' लांबवलेला.

"अजून थोडा," टाचणीबाई म्हणाली. "बस तू."

आपण हे कुणाला म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं तोवर पोरगी खिडकीखालच्या स्टुलावर बसलीसुद्धा होती. ते स्टूल थोरलीचं. धाकटी नेहमी खाली फरशीवर बसायची, भिंतीला पाठ लावून.

दुसऱ्या दिवशी किल्ली घरी आली नाही, आणि टाचणीबाईनं विचारलंही नाही.

मग ते रोजचंच झालं. दुकान सहाला बंद व्हायचं, साडेसहाला ती घरी. भाजी निवडायला घेतली की म्हणायची, सराव कर की, परीक्षा आहे ना. पहिले चार दिवस परीक्षेचं निमित्त लागलं, मग तेही लागेना. थोरली घरात असताना तिला जे कधी विचारलं नव्हतं ते टाचणीबाई आता स्टुलावरच्या मुलीला विचारू लागली. राहतेस कुठे, खोलीला खिडकी आहे का, जेवण कोण करतं. मुलगी सांगायची. खोलीत आणखी दोघी आहेत. खिडकी आहे, पण समोर भिंत, भिंतीच्या फटीत एक रोप उगवलंय. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. हे सगळं धाकटीच्या डोक्यातून निघतंय हे टाचणीबाईला काय कळत नव्हतं? पण पाय सुजतात म्हटल्यावर तिचे डोळे गरम पाण्याची बादली शोधायला लागत. दुधाची तहान ताकावर भागत नाही म्हणतात. तिची भागत होती, निदान जेवणवेळेपर्यंत.

सुरुवातीला धाकटी स्वयंपाकघरातही उतरायची. हातपाय झटकून म्हणायला लागायची, माझं नाव अमुक, आज मंगळवार... टाचणीबाई तिला मध्येच तोडायची. "राहू दे ते शाळेतलं शाळेत. चल, जेवायला बस."

एकदा स्टुलावरची म्हणाली, "धाकटीनं तुला सांगितलं नसतं, तर मी गेलेच नसते."

टाचणीबाईचा हात पातेल्यात थांबला.

झालं होतं ते असं. थोरलीला तिनं हिशेबनिशीच्या अभ्यासक्रमाला घातलं होतं. थोरली कित्येक महिने तिकडे फिरकलीच नव्हती. दुपारभर ती एका केस कापायच्या दुकानात असायची, खालचे केस झाडायची, गिऱ्हाइकांची डोकी धुवायची, कापायला शिकायची. धाकटीनं तिला काचेतून पाहिलं आणि घरी येऊन आईच्या कानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी टाचणीबाई त्या दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिनं थोरलीला एप्रनला धरून ओढलं. थोरलीनं एवढंच विचारलं, कुणी सांगितलं? टाचणीबाई म्हणाली, "तुझ्या बहिणीनं. तिला तरी घराची चाड आहे."

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती टाचणीबाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. धाकटीनं सांगायच्या आठ दिवस आधी तिनं थोरलीचा करडा स्वेटर झटकला होता. विणीत बारीक कापलेले केस अडकले होते. काळे, पांढरे, तांबडे रंगवलेले. हिशेबाच्या वह्यांना केस नसतात. ज्या बाईचा जन्म दुसऱ्याच्या कपड्यांवरचे धागे वेचण्यात गेला तिला हे समजायला वेळ लागला नाही. तिनं एकेक केस चिमटीनं वेचला आणि गप्प बसली, पोरगी आपणहून सांगेल म्हणून. पोरगी बोलली नाही, तसा राग साठत गेला, आणि धाकटीनं तोंड उघडलं तेव्हा त्या रागाला वाट मिळाली. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तर तो खांदा तेरा वर्षांच्या पोरीचा नसावा, एवढं तरी तिला कळायला हवं होतं.

हे त्या संध्याकाळी सांगून टाकायला हवं होतं. शब्द दातांपर्यंत आलेही. पण सांगायचं कुणाला? थोरलीला सांगावं, तर ती इथे नाही. धाकटीला सांगावं, तर स्टुलावरची उठून जाईल. आणि ती जायला नको होती. टाचणीबाईनं पातेलं ढवळलं.

"झालं ते झालं," ती म्हणाली.

स्टुलावरच्या मुलीनं मान हलवली आणि केस कानामागे सारले.

मुलीत काय काय बदलत होतं ते टाचणीबाईला दिसत होतं, पण दिसणं निराळं आणि बघणं निराळं. धाकटीला कठड्यांवरून चालायची खोड होती. रस्त्याकडेची दगडी कड दिसली की शेळीसारखी तिच्यावरून तोल सावरत जायची, दहा वेळा ओरडून झालं होतं. आता ती सरळ रस्त्यानं टाच घासत चालायची. मैत्रिणी खालून हाका मारायच्या त्या बंद झाल्या. थोरली डावखुरी, म्हणून ही डाव्या हातानं लिहायला लागली, वहीत कोंबडीचे पाय उमटले. आणि ते अंडं. थोरलीला उकडलेलं अंडं टणक लागायचं, आतलं पिवळं भुगा होईपर्यंत. धाकटी लहानपणापासून पिवळ्याला शिवत नसे, गोळा ताटाच्या कडेला ठेवून उठायची. एका सकाळी टाचणीबाईनं तंद्रीत अंडं टणक उकडलं आणि धाकटीनं ते सगळं खाल्लं. आईला बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगी शहाणी झाली. तेव्हापासून रोज टणक अंडं.

दुकानात इस्त्रीवाले मामा एक दिवस म्हणाले, "काल कोपऱ्यावर थोरली दिसली असं वाटलं मला. हाक मारणार होतो. बघतो तर धाकटी. बरी आहे ना गं पोरगी?"

टाचणीबाईला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची भीती वाटली. टाचणी बोटात घुसली ती तिला कोटाच्या अस्तरावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळली.

मुलींचे बाबा ट्रकवर होते. दहा-बारा दिवसांनी एकदा घरी यायचे, अंघोळ करून झोपायचे, उठून पुन्हा जायचे. परीक्षेच्या आदल्या शनिवारी ते संध्याकाळी आले. दारातच होते, आणि स्वयंपाकघरातून थोरलीचं हसू ऐकू आलं, शेवटी नाकातून फुस्स करणारं. पिशवी तिथेच टाकून, बुटांसकट ते आत धावले.

स्टुलावरच्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटी वर. "बाबा, किती वाळलात हो," ती म्हणाली.

ते उंबऱ्यावरच बसले. धाकटी खालच्या आवाजात म्हणाली, शाळेचं आहे बाबा, आणि बाहेरच्या खोलीत गेली. जातानाही टाच घासतच गेली.

"अभ्यास कुणाचा चाललाय?" त्यांनी बायकोला विचारलं. "तिचा की तुझा?"

टाचणीबाई म्हणाली, परीक्षा आहे, मार्क आहेत त्याला. ते म्हणाले, मार्क गेले चुलीत. दोन आठवड्यांपूर्वी मी आलो तेव्हा या पोरीनं माझ्या पाठीवर उडी मारली होती, आज तिनं मला ओळखीच्या पाहुण्यासारखं बघितलं.

"एक गेली ती गेली," ते म्हणाले. "आहे ती का घालवतेस?"

"तुमच्या फोनवर दोन शब्द तरी येतात," टाचणीबाई म्हणाली. "मला काय येतं?"

त्यांनी बूट काढले, बाहेर नेऊन ठेवले. सकाळी निघताना म्हणाले, ती किल्ली तेवढी घरी आण. तिनं हो म्हटलं. किल्ली डब्यातच राहिली.

परीक्षेला पालकांना बोलावलं होतं. पुढच्या शनिवारी सकाळी टाचणीबाई दुकानातून दोन तासांची सुट्टी काढून गेली. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावला होता, भिंतीलगत पालकांच्या खुर्च्या, मध्ये मोजे घातलेल्या मुलांचं कडं, आणि कड्याच्या मधोमध ती खुर्ची. अगदीच साधी, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. नाटकाच्या मॅडमही तिला वाटल्या होत्या तशा नव्हत्या. लहानखुऱ्या, सर्दी झालेल्या, हातात रुमाल.

आधी एक मुलगा त्याला पूर्वी पेटी शिकवणारे मास्तर होऊन बसला. चष्मा सदऱ्याला पुसायची त्याची तऱ्हा बघून पालकच जास्त हसले. कुणी विचारलं, पगार किती? तो चष्मा पुसत म्हणाला, "हा प्रश्न मला माझ्या बायकोनंही विचारलेला नाही, ती थेट खिसा तपासते." टाचणीबाईही हसली. मग तो उतरला. नाव, वार, सकाळी दूध आणि दोन पाव.

धाकटीनं डब्यातून किल्ली काढली आणि टाच घासत खुर्चीपर्यंत आली. बसली. केस कानामागे. नाव विचारलं तेव्हा तिनं थोरलीचं नाव सांगितलं. काम काय? केस कापते. आवडतं? हो, माणसं डोकं खाली घालून बसतात आणि खरं बोलतात. मुलं हसली. टाचणीबाईनं हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"ही किल्ली कशाची?" एका मुलीनं विचारलं.

"घराची. खरं तर ही माझ्याकडे नाहीये. ही आईच्या खणात आहे. मी रोज खिसा चाचपते आणि सापडत नाही."

"घर का सोडलंस?"

"बहिणीनं चुगली केली."

"मग बहिणीवर राग आहे?"

खुर्चीवरच्या मुलीनं डाव्या मुठीत किल्ली फिरवली. कड्यातला एक जण हळूच म्हणाला, माहीत नाही चालणार नाही हां.

"आहे," ती म्हणाली. "तिनं तोंड बंद ठेवलं असतं तर मी घरी असते. आई पण बरी असती."

"बहीण कशी आहे?"

तिनं श्वास आत ओढला. "तशी काही नाही. ती नसती तरी चाललं असतं. एक मुलगी पुरली असती घराला."

हे ती रडून म्हणाली नाही. हिशेब सांगावा तसं म्हणाली, थोरलीच्या घोगऱ्या आवाजात. मॅडमनी रुमाल खाली घेतला. त्या अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या, आणि म्हणाल्या की आता एक शेवटचा प्रश्न, पालकांपैकी कुणी विचारणार असेल तर.

टाचणीबाई उभी राहिली तेव्हा आपण उभ्या राहणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. तोंडात टाचण्या नव्हत्या. जीभ कुठे ठेवावी कळेना.

"प्रश्नच विचारायचा ना?" तिनं मॅडमना विचारलं.

"प्रश्नच," मॅडम म्हणाल्या.

"तुझा करडा स्वेटर होता बघ." ती खुर्चीकडे वळली. "त्यात केस अडकले होते. कापलेले. काळे, पांढरे, तांबडे. तुझ्या बहिणीनं सांगायच्या आधी आठ दिवस. तुझ्या आईनं ते वेचले आणि कुणाला बोलली नाही. तिला आधीच कळलं होतं सगळं. दुकानात मात्र तिनं बहिणीचं नाव घेतलं. बहिणीनं सांगितलं नसतं ना, तरी ती आलीच असती तुला ओढायला." तिला दम लागला. "हे तुला माहीत आहे का?"

खुर्चीवरच्या मुलीनं पुन्हा थोरलीसारखा श्वास घेतला, पण तो आतच राहिला. डावी टाच जमिनीला टेकली. किल्ली डाव्या हातातून उजव्यात गेली.

"नाही," ती म्हणाली. आवाज बारीक, चिरका, चौदा वर्षांचा. "मला माहीत नव्हतं."

"ए, नियम मोडला," कड्यातून कुणीतरी म्हणालं.

"गप," मॅडम म्हणाल्या. "ती उतरली आहे."

पण उतरायचं ते पुरतं उतरायचं. मॅडमनी तिला उभं केलं. तिनं हात झटकले, पाय झटकले, पुन्हा झटकले, डावा पाय जरा जास्तच. नाव सांगायला तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर थोरलीच्या नावाचं आलं. ती थांबली. मग स्वतःचं सांगितलं. आज शनिवार. सकाळी काय खाल्लं?

"अंडं," धाकटी म्हणाली. आईकडे बघत म्हणाली, "पिवळं मला नाही आवडत."

मुलांना तो विनोद वाटला, सगळी खदखदून हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या टाचणीबाईला म्हणाल्या, "आई, तुम्हीही उतरा. तुम्ही पण होतात त्यात." टाचणीबाईनं लाजत हात झटकले, पिशवीसकट. स्वतःचं नाव सांगितलं. ते इतक्या दिवसांनी तोंडून आलं की दुसऱ्याच बाईचं वाटलं. शनिवार. आणि सकाळी काय खाल्लं ते आठवायला गेली, तर काहीच नव्हतं खाल्लेलं. तसं सांगितलं. पुन्हा हशा.

दोघी रस्त्याला लागल्या. टाचणीबाई कान लावून होती. काही पावलं घासत होती, काही नाही.

"मला का नाही सांगितलंस?" धाकटीनं विचारलं.

टाचणीबाईला बरंच काही सुचलं. कामाचा व्याप, बाबांचा ताप, तुला काय कळणार होतं. चार टाचण्या असत्या तर चारही बोलून झाल्या असत्या.

"लाज वाटली," ती म्हणाली.

धाकटीनं ते ऐकून घेतलं. माफ केलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "ताईला अजून वाटतं मीच केलं."

"फोन उचलत नाही ती."

"मग लिही. तुला लिहिता येतं की."

धुलाईच्या दुकानाच्या पायरीवर बसून टाचणीबाईनं लिहिलं. जाड अंगठ्यानं, चुका करत. स्वेटरचं लिहिलं, केसांचे तीन रंग लिहिले, धाकटीचा दोष नाही हे लिहिलं. तू निघालीस तेव्हा हसले ते चुकलं, हे लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आतून इस्त्रीवाले मामा डोकावले, दोघींची तोंडं पाहून परत इस्त्रीकडे वळले. धाकटीनं वाचून पाहिलं, एक शब्द नीट केला आणि पाठवलं. मग दोघी फोनकडे बघत बसल्या. काही आलं नाही. दहा मिनिटं वाट पाहून टाचणीबाई कामाला गेली आणि धाकटी घरी.

संध्याकाळी साडेसहाला टाचणीबाई घरी आली. किल्ली खणात जागेवर होती. मटारच्या शेंगा होत्या, त्या तिनं सुपात घेतल्या. धाकटी आली आणि फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावून, आणि शेंगा सोलता सोलता वर्गातल्या पेटीमास्तरांबद्दल सांगायला लागली. स्वतःच्या आवाजात, भराभर, मध्येच मटार खात.

टाचणीबाई हं हं करत होती. आणि तिची नजर, किती आवरली तरी, खिडकीखालच्या स्टुलाकडे जात होती. ते रिकामं होतं. जीव असा कासावीस झाला की पोरीचं बोलणं तिला दुरून आल्यासारखं ऐकू यायला लागलं. आता टाच घासेल, आता कुणी श्वास आत ओढेल.

बोलणं थांबलं होतं. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं.

"आई," धाकटी म्हणाली. "मी इकडे आहे."

टाचणीबाईनं मान वळवली. सूप उचललं, गुडघे धरून खाली उतरली आणि फरशीवर तिच्या शेजारी बसली, भिंतीला पाठ लावून. इथून स्टुलाचे फक्त पाय दिसत होते.

"मग?" ती म्हणाली. "ते पेटीमास्तर काय म्हणाले पुढे?"